राजे-पुढारी सोडून, रोज रस्त्यावर दिसणाऱ्या साध्या माणसांचे पुतळे कुठे पाहिलेत का?

पाहिलेत. मेलबर्नला, स्वॉन्स्टन स्ट्रीट आणि बर्क स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. मी तिथे ट्राम बदलायचो, त्यामुळे दोन वर्षं त्यांची रोजची गाठ. सुटाबुटातले तीन काँस्याचे गृहस्थ, हातात बॅगा, अंगाने काडीसारखे, आणि चेहरे असे की या महिन्यात पगार होणार नाही हे आत्ताच कळलंय. चौथरा नाही, कठडा नाही, सरळ फुटपाथवर उभे. संध्याकाळच्या गर्दीत खरा कोण नि काँस्याचा कोण, हे लगेच लक्षात येत नाही.

नाव तर फारच भारी. मराठीत सांगायचं तर 'स्वतःचा डबा घेऊन आलेले तीन व्यावसायिक'. ॲलिसन वीव्हर आणि पॉल क्विन यांचं हे १९९४चं काम. नाऊरू या चिमुकल्या बेटाने शहराला भेट दिलेलं. (फॉस्फेटच्या कमाईवर हे बेट एके काळी इतकं श्रीमंत होतं की मेलबर्नमध्ये त्यांची स्वतःची बावन्न मजली इमारत होती. पुढे ती विकावी लागली.)

खरी मेख पुढे आहे. त्या तिघांची नावं बॅटमन, स्वॉन्स्टन आणि हॉडल. जॉन बॅटमनने १८३५ मध्ये इथल्या मूळ रहिवाशांकडून जमीन 'विकत' घेतल्याचा कागद केला. चार्ल्स स्वॉन्स्टन हा बॅटमनच्या या जमीन घेणाऱ्या मंडळीतला होबार्टचा बँकवाला. रॉबर्ट हॉडलने १८३७ मध्ये शहराचे काटकोनातले रस्ते आखले. आपल्याकडे शहर वसवणारा म्हटलं की घोडा आला, तलवार आली, हार घालायला शिडी आली. इथे त्यांना ऑफिस सुटलेल्या लोकांत उभं केलंय, तेही बाहेरच्या जेवणाचे पैसे वाचवणारे म्हणून! याला मान म्हणायचं की चिमटा? मी चिमटाच म्हणेन.

१९९२ मध्ये स्वॉन्स्टन स्ट्रीटवरची खासगी गाड्यांची ये-जा बंद झाली, ट्राम तेवढ्या राहिल्या. माणसं चालायला लागली तशी शिल्पंही पायाशी आली. जवळच सायमन पेरीचं दगडी पाकीट आहे, आपल्या बायकांच्या हातात असतं तसं, पण बसण्याएवढं मोठं. लोक त्यावर बसून सँडविच खातात. लॅरी ला ट्रोब नावाचा काँस्याचा कुत्रा तर १९९५ मध्ये चोरीलाच गेला. मग दुसरा ओतून आणला.

मुंबईत हाजीअलीच्या चौकात वलय शेंडे यांचा डबेवाला आहे. शिल्प म्हणून तो मला या तिघांपेक्षा उजवा वाटतो. पण त्याची नि माझी भेट कायम टॅक्सीच्या काचेतून, सिग्नल सुटेपर्यंतच.

आई आली होती तेव्हा तिला मुद्दाम दाखवायला नेलं. आधी तिने पाटी शोधली, "कोण रे हे?" नाव सांगितल्यावर तिघांच्या बॅगा एकेक करून निरखल्या. म्हणाली, "एवढ्याशा बॅगेत डबा आडवाच ठेवावा लागणार. आमटी नसेलच नेत."