आर्मीची जुनी जीप घेऊन रिस्टोअर करायचं नोकरी सांभाळून जमतं का?

जमतं, मी केलंय, पण चार वर्षं लागली आणि त्यातलं पहिलं सव्वा वर्ष नुसतं कागदात गेलं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. तुम्ही लिहिलंय की आजोबा फौजेत ड्रायव्हर होते, 71 ला जोंगा (फौजेसाठी जबलपूरला बनलेली जीप) चालवायचे, त्यांच्या आठवणीसाठी एक जुनी फौजी गाडी घ्यायचीय, विलीज (दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन जीप) घेऊ की जोंगा हे ठरत नाहीये आणि तुम्हाला मेकॅनिकल कामातलं काही येत नाही. मलाही येत नव्हतं. मी नगरचा, शाळेत असताना रणगाडा म्युझियमला गेलो की 65 च्या लढाईत पकडलेल्या पाकिस्तानी पॅटन रणगाड्यापुढून पाय हलायचा नाही, तेवढंच माझं शिक्षण.

माझी गाडी 1944 ची फोर्ड जीपीडब्ल्यू. राहुरीकडे एका शेतकऱ्याच्या गोठ्यात कडब्याखाली होती. लोक सगळ्यांनाच विलीज म्हणतात, पण 41 ते 45 मध्ये एकाच डिझाइनच्या जीप विलीज आणि फोर्ड दोघांनी बनवल्या, मिळून साधारण साडेसहा लाख. ओळखायची कशी तर ग्रिलच्या खाली वाकून बघा, चासीचा पुढचा आडवा भाग गोल पाइप असेल तर विलीज आणि उलट्या यू सारखा असेल तर फोर्ड, आणि फोर्डच्या कित्येक बोल्टच्या डोक्यावर छोटा एफ असतो. वायर ब्रशने गंज काढताना पहिला एफ दिसला ना, त्या रात्री मी जेवायला उशिरा गेलो एवढं सांगतो. ग्रिलला उभ्या फटी मोजा, महायुद्धातल्या जीपला नऊ, सात असतील तर ती नंतरची गाडी.

आता कागद. आरसी पुस्तकावर ज्यांचं नाव होतं ते त्या शेतकऱ्याचे आजोबा वारलेले, वारस पाच, एक बहीण सुरतला दिलेली, सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत हे मी पाळलं आणि तुम्हीही पाळा. फोर्डचा नंबर डाव्या चासीवर पुढच्या बाजूला वरून ठोकलेला असतो, विलीजचा छोट्या पट्टीवर चासीच्या आतून रिव्हेट केलेला, ती पट्टी बऱ्याचदा गायब असते. रंग खरवडून चासी प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून काढलेला ठसा) घ्या आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा, नाही जुळला तर गाडी कितीही देखणी असो, सोडून द्या. 2021 पासून 50 वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी 20 हजार, दहा वर्षांसाठी, पण मग रोजच्या वापराला नाही चालत, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं एवढंच. शिवाय गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, म्हणजे कुणी आधीच डिझेल इंजिन टाकलेली जीप असेल (अशाच जास्त मिळतात) तर अडचण येणार.

रंगाचं बऱ्याच लोकांना माहीत नसतं. ऑलिव्ह ग्रीन आपल्याकडे फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, मोटार वाहन नियमात तसं स्पष्ट लिहिलंय, नियम 121. मन खूप होतं, माझंही झालं, पण मी वाळूचा रंग दिला. आणि रंग सगळ्यात शेवटी द्या, हे मी नुकसान सोसून सांगतोय. पहिल्या वर्षी एका वर्कशॉपने टिनकाम आणि पेंट आधी उरकला, सहा महिन्यांत पॅनेल फुगले, खाली सगळी लांबी (पुट्टी) भरलेली. ड्रायव्हर सीटच्या खाली पेट्रोलची टाकी असते, ती ज्या खोलगट पत्र्यात बसते तिथे पाणी साचून तळ सडतो, त्यांनी तो उघडूनही बघितला नव्हता. सगळं परत केलं. त्यानंतर बॉडी उतरवून चासी सॅंडब्लास्ट केली, शिंगाडे (चासीची टोकं, स्प्रिंगचे पाटे जिथे शॅकल नावाच्या कडीने लागतात तो भाग) तडकले होते ते वेल्ड केले, मग ब्रेक, मग इंजिन, मग वायरिंग, मग रंग.

इंजिन 2199 सीसी, साइड व्हॉल्व्ह, 60 हॉर्सपॉवर, भोळं इंजिन आहे. रेडिएटर, पाण्याचे मार्ग आणि हेडचं पॅकिंग व्यवस्थित असलं की मे महिन्यात घाटातसुद्धा उकळत नाही. पार्टचं टेन्शन घेऊ नका, महिंद्राने 1940 च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या आणि पुढे कितीतरी वर्षं तेच घराणं चालवलं त्यामुळे बेअरिंग, ऑइल सील, बुश अजून मिळून जातात, मी कुर्ल्यातून, काही हरियाणातल्या डबवालीहून (तिथे जीपचा मोठा बाजार आहे) आणले. माझ्या गावातल्या म्हाताऱ्या फिटरकाकांनी तर गिअरबॉक्स डोळे मिटून बसवला. फर्स्टला सिंक्रो (गिअरचा वेग आपोआप जुळवणारी रिंग) नाही हे मात्र लक्षात ठेवा, चालत्या गाडीत फर्स्ट टाकायचा तर डबल क्लच, म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, सोडून थोडी रेस, परत क्लच दाबून गिअर.

वायरिंग मूळ 6 व्होल्टची असते. सगळे सांगतील 12 करून टाक, मी नाही केलं. स्टार्टर ढिला फिरतो त्याचं कारण बहुतेकदा केबल, व्होल्ट निम्मे म्हणजे करंट दुप्पट आणि लोक 12 व्होल्टच्या गाडीची बारीक केबल लावतात. जाड तांब्याची केबल, चासी आणि इंजिनला घासून स्वच्छ केलेलं अर्थिंग, झालं, थंडीत अर्ध्या फिरक्यात लागते.

ब्रेकला हात जोडून विनंती. सगळ्या चाकांना एकच सर्किट आहे, एक व्हील सिलिंडर गळला की पॅडल तळाला जातं, चारही चाकं गेली. आणि हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) मागे ड्रमवर असतो, तो उभ्या गाडीसाठी, पळत्या गाडीत ओढला तर सगळा झटका प्रॉपेलर शाफ्ट आणि एक्सलवर येतो. चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होज, सगळं नवीन टाका, इथे पैसे वाचवू नका.

सांभाळायचं म्हणाल तर दर रविवारी वीस पंचवीस किलोमीटर, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत. हजार किलोमीटरला सगळे ग्रीस निपल, पाट्यांचे शॅकल, स्टिअरिंगचे जॉइंट, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं आणि पाणी ओढतं, त्यामुळे फ्युएल पंपाचा डायफ्राम आणि होज इथेनॉल चालणारे घ्या, पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

आता विलीज की जोंगा. शिकायला विलीज सोपी, लहान, एकट्याने बॉडीचे बोल्ट काढता येतात. जोंगा म्हणजे निसानच्या ‘पट्रोल’ (Patrol) नावाच्या जीपवरून जबलपूरला बनलेली गाडी, 1969 ते 99, सहा सिलिंडर, चार लिटरच्या आसपासचं पेट्रोल इंजिन, तहान जबरदस्त आणि इंजिनचे पार्ट शोधायला दिल्लीची मायापुरी (जुन्या पार्टचा बाजार) पालथी घालावी लागेल. तरी तुमच्या जागी मी जोंगाच घेईन. आजोबा जोंगा चालवायचे, विलीज नाही. 50 वर्षं झालेली, मूळ इंजिन असलेली आणि फौजेच्या लिलावापासूनचे कागद सलग असलेली बघा, आणि आजोबा हयात असतील तर बघायला जाताना त्यांना सोबत न्या, गाडी चालू करून त्यांना पहिला गिअर टाकू द्या, गिअरबॉक्स कसा आहे ते त्यांच्या हाताला माझ्यापेक्षा लवकर कळेल.