'ऑप्री' म्हणजे ऑपेराच का?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या छोट्या गावांत कंट्री म्युझिकच्या थिएटरांवर 'अमुक ऑप्री' अशा पाट्या असतात, तर ऑप्री म्हणजे ऑपेराच का, आणि मराठीत त्याला संगीतिका म्हटलं तर चालेल का.

शब्द ऑपेराचाच आहे पण संगीतिका अजिबात नको, कारण ऑप्रीत कथानक नसतं, फिडल-बँजोवाले, गाणारे, विनोदी नट एकामागून एक येऊन आपापला आयटम करून जातात. शब्दाचं रूप बदललं ते गावाकडच्या बोलण्यामुळे. तिकडच्या जुन्या बोलीत शेवटच्या 'आ'चा 'ई' व्हायचा, सोडाचं सोडी, एक्स्ट्राचं एक्स्ट्री, तसंच ऑपेराचं ऑप्री, आपल्याकडे स्टेशनचं ठेसन झालं तसंच म्हणा ना. आणि ऑपेरा हा शब्द खेड्यापाड्यात होताच, कारण एकोणिसाव्या शतकात गावोगावच्या नाटकाच्या हॉलला ऑपेरा हाऊस म्हणत, तिथे खरा ऑपेरा क्वचितच व्हायचा, पण धार्मिक लोकांना 'थिएटर' हे नाव खटकायचं म्हणून हे भारदस्त नाव.

आता हा शब्द नावात कसा आला ते बघा, मला हा भाग फार आवडतो. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर (स्टेशन एका विमा कंपनीचं होतं) 1925 पासून शनिवारी रात्री 'बार्न डान्स' (बार्न म्हणजे धान्याचं कोठार) हा कार्यक्रम चालायचा. त्याचे निवेदक जॉर्ज हे ('हे' हे आडनाव, Hay) यांनीच सांगितलेली हकीकत अशी की 1927 मध्ये एका शनिवारी त्यांच्या आधी वॉल्टर डॅमरॉश यांचा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा तास झाला आणि त्यात आगगाडीवरची एक रचना वाजली. जॉर्ज हे यांनी लगेच डीफोर्ड बेली या कृष्णवर्णीय कलाकाराला माइकपुढे आणलं आणि बेलीने नुसत्या माउथ ऑर्गनवर आगगाडी धडधडत नेली, शिट्टीसकट! त्यावर जॉर्ज हे म्हणाले की तासभर ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ग्रँड ओल ऑप्री ऐका. ज्या उच्चाराला शहरातले लोक हसायचे तोच त्यांनी अभिमानाने नावात घातला आणि तो टिकला. या नावाचा मान जितका जॉर्ज हे यांचा तितकाच बेलीचा, आणि 1941 मध्ये त्याच बेलीला कार्यक्रमातून काढून टाकलं याचा मला आजही राग येतो.

अशा कार्यक्रमांपैकी सगळ्यांनी मात्र ऑप्री हे नाव घेतलं नाही. केंटकीतल्या रेन्फ्रो व्हॅलीने 1939 मध्ये खरोखरच धान्याच्या कोठारासारखी इमारत उभारली आणि बार्न डान्स हेच नाव ठेवलं, लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टने 1948 मध्ये हेराइड घेतलं, म्हणजे गवताच्या गाडीतली सैर. मिझुरीत ब्रॅन्सनला 1959 मध्ये शो सुरू करणाऱ्या मेब बंधूंनी तर 'बाल्डनॉबर्स' घेतलं, ते तिथल्याच डोंगरातल्या 1880च्या दशकातल्या एका दंडेलशाही टोळीचं नाव.

लिहिताना 'ग्रँड ओल ऑप्री' असंच लिहा. ओल्ड नको, कारण तिथेही बोलीतला उच्चारच मुद्दाम ठेवलाय. आणि 'ओपरी' तर नकोच, मराठीत ओपरी म्हणजे परकी, आणि हा शब्द तिथल्या लोकांना अगदी घरचा आहे.