बोटीवर पोरं, नि आपला जीव टांगणीला

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्याकडे क्रूझची पत्रं सुरू होतात. पूर्वी केसरीने जावं की वीणाने एवढाच वाद असायचा, आता घराघरात बोट. या वेळी आलेल्या प्रश्नांत गोव्यापासून कॅरिबियनपर्यंत सगळं आहे, त्यातले निवडक घेतलेत. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

ताई, मुलगा सात वर्षांचा, मुलगी चौदाची. नवरा म्हणतो मुंबई-गोवा करू, स्वस्तात अंदाज येईल. लेक म्हणते ते बोअर आहे, सिंगापूरच हवं. आणि सासूबाई म्हणतात बोटीत पोरं घालूच नका, रामदास बोटीचं काय झालं माहितीये ना. कोणाचं ऐकू? (डोंबिवली)

आधी सासूबाईंचं, कारण त्यांना वेड्यात काढलंत तर पुढचं काहीच सुखाने होणार नाही. रामदास बुडाली 17 जुलै 1947 ला, भर पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना, सहाशेवर माणसं गेली, त्यामुळे मुंबई नि रायगडच्या जुन्या माणसांना ती भीती असणं साहजिक आहे. त्यांना एवढंच सांगा की ऐन पावसाळ्यात मुंबईहून क्रूझ नसते, जहाज चेन्नईकडे जातं, आणि दुसरं म्हणजे निघायच्या आधी प्रत्येकाला आपली जमायची जागा बघून लाइफ जॅकेटची माहिती घ्यावीच लागते. पूर्वी ही ड्रिल निघाल्यावर चोवीस तासांत घेतली तरी चालायची. 2012 मधे इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडलं तेव्हा त्या दिवशी चढलेल्या कित्येक लोकांची ड्रिल झालीच नव्हती, त्यानंतर नियम बदलला. सासूबाईंनाच सोबत न्या आणि ड्रिलला पुढे उभं करा, नातवंडांपेक्षा त्याच नीट ऐकतील.

आता गोवा की सिंगापूर. मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस जहाज जातं, 1990 साली फ्रान्समधे बांधलेलं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, 2021 पासून आपल्याकडे आलं. सात वर्षांच्या पोराला पूल, चढायची भिंत, रात्रीचा शो आणि वाट्टेल तेव्हा आइस्क्रीम एवढं मिळालं की स्वर्ग. पण चौदाच्या मुलीला तिच्या वयाची दहा-बारा पोरं हवी असतात, जहाज कितीही छान असू दे, आणि दोन रात्रींच्या फेरीत ओळख होईस्तोवर उतरायची वेळ येते. वीकेंडच्या गोव्याच्या फेरीत डीजे आणि ग्रुपने आलेली मंडळी जास्त असतात हेही धरून चाला, जमलं तर मधल्या वारांची घ्या. सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनची क्वांटम क्लासची जहाजं निघतात, त्यांवर लाटांवर सर्फिंग करायचं यंत्र, हवेत तरंगायची काचेची नळी, बंपर कार असं सगळं असतं, म्हणजे लेकीचं म्हणणं अगदीच चूक नाही. माझं मत विचाराल तर पैशाची ओढाताण असेल तर या वर्षी कुठेच जाऊ नका, एक वर्ष थांबा आणि लेक दहावीच्या चक्रात अडकायच्या आत सिंगापूर करा. गोव्याला पोराला पुढेही नेता येईल.

आणि गोवाच ठरलं तर जहाज मुरगावला लागतं हे लक्षात ठेवा, तिथून कळंगुटचा हट्ट धरलात तर जाण्यायेण्यातच वेळ जाईल. बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, खरीखुरी विमानं उघड्यावर उभी, पोरगा हलणार नाही तिथून. सोमवारी बंद असतं तेवढं बघा.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. जहाजावर किती मोकळं सोडायचं? माझी बहीण म्हणते सोड बिनधास्त, जाणार कुठे, चारी बाजूंनी पाणी. मला रात्री झोप लागणार नाही. (पुणे)

बहिणीचं अर्धं बरोबर आहे. तो हरवणार नाही, पण जहाजावर दोन-चार हजार अनोळखी माणसं असतात, बार असतात, आणि लोकांच्या खोल्या असतात. म्हणून माझ्या मते पहिला आणि न बदलणारा नियम हा की कोणाच्याही केबिनमधे जायचं नाही आणि कोणाला आपल्या केबिनमधे आणायचं नाही, मुलगा असो मुलगी असो, कितीही चांगले मित्र झालेले असोत. भेटायचं तर डेकवर, बुफेत, टीन क्लबमधे, जिथे स्टाफ आणि कॅमेरे आहेत तिथे. हे त्याला घरीच सांगा, जहाजावर चढल्यावर सांगितलंत तर तो तुम्हाला मित्रांसमोर लाज आणली म्हणेल.

टीन क्लबमधे पहिल्या रात्रीच पाठवा. हे मी फार आग्रहाने सांगतेय, कारण पहिल्या रात्री सगळेच एकटे आलेले असतात आणि तिथेच ग्रुप जमतात, तिसऱ्या रात्री पाठवलंत तर तो दारातून परत येईल आणि मग उरलेले दिवस तुमच्या डोक्याशी बसेल. बुक करताना वयोगट बघायला विसरू नका. डिस्नेच्या जहाजांवर 11 ते 14 एक क्लब आणि 14 ते 17 दुसरा, एमएससी कंपनीच्या जहाजांवर 12 ते 14 आणि 15 ते 17 असे गट, म्हणजे पंधराचा पोरगा तिथे सगळ्यात लहान पडतो पण निदान बारा वर्षांच्या पोरांत अडकत नाही. काही लाइन्सवर, म्हणजे क्रूझ कंपन्यांकडे, बारा-तेरापासून सतरापर्यंत एकच गट असतो, आणि बारा आणि सतरा यांचं काय जमणार सांगा.

रात्रीची वेळ ठरवा. बऱ्याच मोठ्या जहाजांवर रात्री एकच्या सुमारास अठराच्या आतल्यांना एकटं फिरू देत नाहीत, पण जहाजाचा नियम एकचा आहे म्हणून तुमचाही एकचा हवा असं कुठाय. दारूचं वय निघायच्या बंदरावर ठरतं, अमेरिकेतून निघालेल्या जहाजांवर 21, आशिया नि युरोपात बहुतेक ठिकाणी 18. पोरं सोळा-सतराची दिसायला अठराची असतात पण जहाजावर मिळणाऱ्या कार्डावर जन्मतारीख जोडलेली असते, त्यामुळे बारमधे मिळणार नाही. मिळते ती कोणीतरी मोठा ग्लास पुढे करतो तेव्हा, त्याबद्दल स्पष्ट बोला.

आता ज्याबद्दल कोणी विचारत नाही ते. त्याच्या गळ्यात जे कार्ड असतं ना, खोलीची किल्ली तेच आणि पैसे द्यायचं कार्डही तेच. आर्केडमधे गेला, गेमला कार्ड टेकवलं, टुंग, डॉलर गेला. परत टेकवलं, परत टुंग. पोराला ते पैसे वाटतच नाहीत, कारण हातातून नोट जात नाही, आणि बिल तुम्हाला शेवटच्या सकाळी कळतं, रुपयांत गुणून बघितलं की चहा कडू. चढल्या चढल्या गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरला जा आणि मुलाच्या कार्डावरचा खर्च बंद करायला किंवा मर्यादा घालायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. मग त्याला रोजचे ठरलेले पैसे द्या नि तो संपवेल तसा संपवू दे.

फोनचं म्हणाल तर जहाज सुटायच्या आत सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर. समुद्रात फोन उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि ते साध्या रोमिंग पॅकमधे बहुतेक वेळा येत नाही. जहाजाच्या ॲपवर एकमेकांना मेसेज करता येतात, डिस्नेवर फुकट, काही ठिकाणी थोडे पैसे पडतात, द्या ते, तुमच्या झोपेपेक्षा स्वस्त आहेत.

आम्ही दोन जावा, माझं बाळ दहा महिन्यांचं, जाऊबाईंचा मुलगा साडेतीन वर्षांचा, अजून डायपर सुटलेलं नाही. एजंट म्हणतो किड्स क्लब आहे, पोरं टाका आणि मजा करा. (कोल्हापूर)

एजंटला काय जातंय बोलायला. साधारण तीन वर्षं पूर्ण आणि डायपर पूर्ण सुटलेलं, हे दोन्ही असल्याशिवाय बहुतेक किड्स क्लब घेत नाहीत. म्हणजे जाऊबाईंच्या लेकाचं वय बसतंय पण अडणार तिथेच. दहा महिन्यांच्या बाळासाठी पाळणाघर फक्त काही जहाजांवर असतं, डिस्नेवर सहा महिन्यांपासून घेतात, तासाचे पैसे लावतात आणि जागा आधी बुक करावी लागते. बऱ्याच लाइन्स सहा महिन्यांच्या आतलं बाळ जहाजावरच घेत नाहीत, आणि महासागर ओलांडायच्या सफरींना एक वर्ष लागतं, तुम्ही त्यातून सुटलात.

पूलमधे डायपरवालं मूल चालत नाही, पोहायचं डायपर घातलं तरी नाही, हा स्वच्छतेचा नियम आहे, तिथे वाद घालून उपयोग नाही. बाळांसाठी वेगळी कारंज्यांची जागा असलेलं जहाज शोधा. आणि केबिन बुक करताना बाळ धरूनच माणसं सांगा, कडेवर तर घेणार म्हणून लपवू नका. लाइफबोटीत बाळाचीही एक जागा धरतात, म्हणून पलंग मोकळा असला तरी "जागा नाही" म्हणतात ते उगाच नाही.

बाल्कनीच्या केबिनचा मोह होतो, पण रांगणारं बाळ आणि साडेतीन वर्षांचा उचापती मुलगा असताना मी तरी घेतली नसती. घेतलीच तर खुर्च्या कठड्यापासून लांब आणि दाराची वरची कडी कायम लावलेली. खरं सांगू, तुम्हा दोघींना आराम हवा असेल तर दीड वर्ष थांबा किंवा सासूबाईंना घेऊन जा, आणि नेलंत तर त्यांना आया समजू नका.

माझ्या मुलीला कंपनी म्हणून भाचीला (वय 13) सिंगापूर क्रूझला न्यायचंय, तिचे आईवडील येणार नाहीत. काही कागद लागतात का? (नागपूर)

लागतात. आईवडील दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र, नोटरी केलेलं, त्यात तुमचं नाव, प्रवासाच्या तारखा आणि गरज पडली तर उपचाराला तुम्ही परवानगी देऊ शकता हे वाक्य. सोबत तिचा जन्मदाखला आणि आईवडिलांच्या पासपोर्टच्या प्रती. काही क्रूझ कंपन्यांचा स्वतःचा फॉर्म असतो, तोच मागून घ्या. जहाजावरच्या डॉक्टरला तिचं ॲपेंडिक्स दुखतंय हे कळलं आणि सही कोण करणार यावरून घोळ झाला तर तो कागदच उपयोगाला येतो.

भाचीचा पासपोर्ट आजच बघा. लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, मोठ्यांचा दहा, त्यामुळे आपला चालतो म्हणून पोराचाही चालत असेल असं वाटत राहतं. परत यायच्या तारखेपुढे सहा महिने शिल्लक हवेत. आणि जहाज पेनांग नाहीतर फुकेटला जाऊन सिंगापूरला परत येणार असेल तर सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा, एकदाच्या एंट्रीवर तुम्ही जहाजातून उतरूच शकणार नाही.

आम्ही न्यू जर्सीत, एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर. मुलं इथलीच, सिटिझन, 8 आणि 12. सांगलीहून आईबाबा येणार आहेत तेव्हा फ्लोरिडाहून बहामास करायचंय. (एडिसन)

मुलांचं सगळ्यात सोपं. सोळाच्या आतल्या अमेरिकन मुलांना त्याच बंदरात परतणाऱ्या क्रूझला जन्मदाखल्यावर चढता येतं, तरी पासपोर्ट असू द्या, कारण बेटावर कोणी आजारी पडून विमानाने परतायची वेळ आली तर जन्मदाखला चालत नाही. आईबाबांचा टुरिस्ट व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना बघा. खरी गोची तुमचीच होऊ शकते. पासपोर्टवरचं एच-1बीचं स्टँपिंग संपलेलं असेल आणि तुम्ही "तीस दिवसांच्या आत परत आलं की चालतं" असं ऐकलं असेल, तर ती सवलत एचवाल्यांना कॅनडा नि मेक्सिकोपुरती आहे, कॅरिबियन बेटांना नाही. बुकिंग करायच्या आधी वकिलाला विचारा.

आईबाबांना मुलांच्या शेजारची, मधे दार असलेली केबिन घ्या. नातवंडं त्यांच्याकडे झोपतील नि तुम्हाला एक रात्र मिळेल, हे त्यांनाही आवडतं, फक्त विचारून घ्या.

मुलीला एसटीतही उलटी होते. बोटीत काय होणार? आणि मेथीचे ठेपले नेऊ देतात का? (रत्नागिरी)

केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं, अगदी पुढची आणि वरची घेऊ नका. मळमळलं की डेकवर नेऊन लांब क्षितिजाकडे बघायला लावा, मोबाइल हातातून काढून घ्या, पोट रिकामं ठेवू नका. आलेपाक सोबत असू द्या. गोळी मात्र तुमच्या मुलांच्या डॉक्टरला विचारूनच, डोस वजनावर असतो, आणि ॲव्होमिनसारखी प्रोमेथाझिनची गोळी दोन वर्षांच्या आतल्या मुलाला द्यायचीच नसते. डॉक्टरने दिलीच तर बोट सुटायच्या आधी द्यायची, उलटी सुरू झाल्यावर गोळीच बाहेर येते. बुफेला जाताना साबणाने हात धुवायला लावा, नुसतं सॅनिटायझर नको, जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही.

ठेपले नाही नेऊ देत, घरी केलेलं काहीच बहुतेक जहाजांवर चालत नाही. कंपनीचं सीलबंद पाकीट, खाकरा, चिवडा, बाळाचं फूड, हे साधारण चालतं. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्रीही काढून घेतात. जेवणाची काळजी करू नका, शाकाहारी नि जैन असेल तर बुकिंगलाच सांगून ठेवा आणि पहिल्या संध्याकाळी डायनिंग रूमच्या मुख्य वेटरला भेटा, तो दुसऱ्या दिवसापासून वरणभात काढतो की नाही बघा.