तिसरीतल्या मुलीला चौरस आहार शिकवायला मोफत ऑनलाइन धडे उपयोगी पडतात का?

पडतात, पण तिच्या शेजारी बसून पाहिलेत तर. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतो. केंद्र सरकारच्या 'दीक्षा' ॲपमधून तो स्कॅन केला की त्या पाठाचं मराठी साहित्य मोफत मिळतं. परिसर अभ्यासातल्या अन्नाच्या पाठापासूनच सुरुवात करा.

एका वेळी दहा मिनिटं पुरे. मग मोबाइल ठेवा आणि स्वयंपाकघरात जा, खरं शिक्षण तिथेच होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं 'माय प्लेट' चित्र दाखवा. त्यात जवळपास अर्धं ताट भाज्या-फळांचं असतं. आता तिच्या ताटात बघायला सांगा: भात केवढा, मेथी केवढी? माझ्या मुलाने असंच बघून स्वतःहून काकडी मागून घेतली होती.

दुसरा प्रयोग साखरेचा. ३०० मिलीच्या कोलात साधारण ३० ग्रॅम साखर असते. बाटलीवरचा आकडा तिलाच वाचू द्या आणि तेवढी साखर चमच्याने वाटीत काढायला लावा. सात-आठ चमचे होतात! ती वाटी मुलं विसरत नाहीत.

फक्त जेवताना व्हिडिओ लावू नका. स्क्रीनकडे बघत किती खाल्लं, हे मुलांना कळतच नाही.