चार्ली कॉफमनचा 'सिनेक्डकी, न्यूयॉर्क' बघताना दोनदा झोप लागली. दोष माझा की सिनेमाचा? पुन्हा बघावा का?

झोपलात त्यात पाप नाही. मला राग आला होता, आणि त्यातला निम्माच सिनेमावर होता.

कॉफमन माझा लाडका. पण 'बीइंग जॉन माल्कोविच', 'अडॅप्टेशन' आणि ऑस्करवाला 'इटर्नल सनशाइन' या तिन्हींत पटकथा त्याची असली तरी दिग्दर्शक दुसरे होते, स्पाइक जोन्झ आणि मिशेल गोंड्री. २००८च्या या 'सिनेक्डकी'त कॉफमन पहिल्यांदा स्वतः दिग्दर्शक झाला. त्यातला नाटकं बसवणारा केडन घसघशीत अनुदान मिळाल्यावर गोदामात अख्खं न्यूयॉर्क उभं करतो, वर्षानुवर्षं तालमी घेतो, आणि प्रेक्षक काही येत नाहीत.

इथंच मला नागपूरच्या महाल भागातली ओसरी आठवली. राज्य नाट्य स्पर्धेसाठी मी दोन अंकी नाटक लिहिलं होतं. बसवणारा आमच्याच गल्लीतला, मी त्याला दादा म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात त्यानं लाल पेनानं माझी अठरा पानं उडवली. वर म्हणाला, "बावा, पब्लिकले शेवटची बस पकडाची रायते." आणि त्याच पानांवर तर्रीपोह्याची प्लेट ठेवली. सोळाव्या पानावर तेलाचा गोल डाग अजून आहे.

मी संहिता उचलली आणि घरी आलो. पुढच्या वर्षी स्वतःच बसवलं, एक ओळ न कापता. मध्यंतरानंतर विंगेतून मोजली, एकोणीस माणसं. त्यात आई आणि तिच्या भिशीतल्या चौघी. कुणीतरी चिवड्याची पुडी फोडली ती मला विंगेत ऐकू आली.

तर सिनेमा. केडनच्या थिएटरात तिकीटखिडकीवर बसणारी हेझल आग लागलेलं घर विकत घेते आणि वर्षानुवर्षं त्यातच राहते. मी हे मे महिन्यात, कूलरची मोटर जळालेली असताना पाहिलं, त्यामुळे मला त्यात प्रतीक वगैरे शोधावं लागलं नाही. केडनची चित्रकार बायको अडेल, तिची चित्रं इतकी चिमुकली की भिंग लावून बघायची. असं सुचणारा दुसरा कोण आहे? पण केडनचं काम करायला नट, मग त्या नटाचं काम करायला आणखी एक नट, हे सुरू झाल्यावर कुणीतरी लाल पेन घेऊन बसायला हवं होतं. अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्टनं या सिनेमाला दशकातला सर्वोत्तम सिनेमा म्हटलं. म्हणू दे. कॉफमनच्याच २०१५च्या 'अनोमलिसा'ला दिग्दर्शनात ड्यूक जॉन्सन जोडीला होता, तर दीड तासात आटपला की नाही? लिहिणाऱ्यानं एकट्यानं बसवू नये.

पुन्हा बघा, पण दुपारी जेवून नको. आणि हो, मी सबटायटलवर पाहिला, काही विनोद निसटले असतील. शिवाय आई गेल्यावर परत लावला तेव्हा तोच शेवट लांब वाटला नाही, हेही सांगायला हवं.

दादा, वाचत असशील तर अठरातली अकरा पानं तू बरोबर कापलीस. सोळावं नाही.