बालवाडीत तिचं कोण आहे?

आदरणीय काकू,

आम्ही वडोदऱ्याला मांजलपूरला राहतो. मुलगी सव्वातीन वर्षांची. जूनमध्ये तिला घराजवळच्या इंग्लिश मीडियम नर्सरीत घातली, साडेआठ ते साडेअकरा. मी अलकापुरीला बँकेत, हे मकरपुऱ्याला जीआयडीसीत. सोडायला मी जाते, आणायला सासूबाई. जुलै अर्धा संपला तरी गेटपाशी रोज तोच प्रकार, माझी ओढणी सोडत नाही. टीचर म्हणतात, "पाच मिनिटं रडते, मग एकदम सेट." शाळेने मोबाइलवर कॅमेरा दिलाय. दोन ग्राहकांच्या मध्ये उघडून बघते, तर ही कोपऱ्यात एकटी ठोकळे घेऊन बसलेली. घरी अखंड बडबड आणि तिथे म्हणे तोंड उघडत नाही. "काय केलं आज?" विचारलं की "काही नाही." परवा एकदम म्हणाली, "टीचर वढे छे", म्हणजे रागावतात. वर्षभर रात्री कोरडी राहायची, आता पुन्हा अंथरूण ओलं करते. हे म्हणतात, रडून रडून होईल सवय. सासूबाई म्हणतात, तिची नजर चुकवून निघत जा. मला वाटतं, काढूनच घ्यावी. ती तिथे खुश आहे की नाही हे कसं ओळखायचं? डबाही अर्धा परत येतो, पाण्याची बाटली तर भरलेलीच असते.

— एक आई, मांजलपूर

सप्रेम नमस्कार.

मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिली आहे. ती बाटली. तिथूनच सुरुवात करते, रडण्याकडे नंतर येऊ.

माझं आयुष्य बालवाडीत गेलं. आजही कुणी नवी नर्सरी दाखवायला नेलं, की भिंतीवरची कार्टूनं राहू देत, मी आधी मागे जाऊन संडास बघते. तुम्हीही बघा. एक दिवस अर्धी रजा टाका आणि सरळ विचारा, "मुलं कुठे जातात ते दाखवता का?" कमोड मोठ्या माणसांचा असेल तर पाय लोंबकळतात आणि आपण आत पडू असं मुलांना वाटतं. कुठे दिवा नसतो, कुठे फ्लशचा आवाज दणकून येतो, कुठे सगळ्यांना एकाच वेळी रांगेत नेतात आणि मधे कुणी "आली" म्हटलं तर "आत्ताच गेली होतीस ना?" होतं. मग मूल आपल्यापुरता उपाय काढतं. जायचंच नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. सकाळभर दाबून ठेवणाऱ्या मुलांना लघवीला जळजळ होते, शी कडक होते आणि या दोन्हींमुळे रात्री अंथरूण ओलं होऊ शकतं. तेव्हा मानसशास्त्रात शिरण्याआधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, लघवीची साधी तपासणी करून घ्या. अंथरुणावरून तिला बोलू नका आणि पाहुण्यांसमोर तर अजिबात नको.

आता पुढचा प्रश्न. तिला लागली, तर ती तिथे सांगते कुणाला? घरी ती "शू" म्हणते. गुजराती कानाला ते "शुं?" ऐकू येतं, आणि टीचर उलट तिलाच विचारते, काय म्हणालीस? माझ्या डोळ्यांसमोर हे अनेकदा घडलंय. तेव्हा तिचे रोजचे सात-आठ शब्द, शू, शी, तहान, भूक, दुखतंय, नको, आई कधी येणार, गुजराती लिपीत कागदावर लिहून द्या. टीचरला द्याच, पण त्याहून आधी मासीला द्या. मुलांना संडासला नेणारी, डबा उघडून देणारी, नाक पुसणारी जी बाई असते ना, ती. तिचं नाव तुम्हाला माहीत आहे का? पत्रात नाही. कॅमेऱ्याचा उल्लेख आहे, मासीचा नाही.

"खुश आहे का" या प्रश्नाचं उत्तर सव्वातीन वर्षांच्या मुलीजवळ नसतं आणि कॅमेऱ्यातही दिसत नाही. मी आईबापांना दुसराच प्रश्न विचारते: तिथे तिचं कोण आहे? लागलं, पडलं, आईची आठवण आली, तर त्या खोलीतल्या कोणत्या मोठ्या माणसाकडे ती जाते? ते माणूस टीचरच पाहिजे असं काही नाही. बऱ्याच मुलांचं पहिलं माणूस मासी असते, काहींचे व्हॅनवाले काका. एका मुलाने कित्येक दिवस फक्त माळीकाकांच्या झारीमागे फिरून काढले. फिरू दिलं आम्ही, पुढे आपणहून वर्गात आला. असं एक माणूस धरलं की मूल हळूहळू बाकीच्यांकडे बघायला लागतं. महिना उलटूनही कुणीच नसेल, तर टीचर कितीही "सेट" म्हणोत, माझा विश्वास बसत नाही.

हे तपासायची युक्ती सोपी आहे. टीचरला "कशी आहे?" विचारू नका, त्याचं उत्तर "मजामां" असंच येणार. विचारा, आज ती कुणाशेजारी बसली? कोणतं खेळणं घेतलं? रडली तेव्हा कशाने थांबली? मुलीकडे ज्यांचं लक्ष असतं त्यांना हे विचार न करता सांगता येतं. वर्गात मुलं फार आहेत, हे कारण मी अर्धंच मान्य करते.

आता रडणं. आईपासून दूर होताना रडण्याचा जोर साधारण आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत सर्वात जास्त असतो. पुढे तो ओसरतो, पण नवी जागा, नवी माणसं, नवी भाषा एकदम आली की तीन वर्षांच्या मुलातही उसळून येतो. गेटवरचं रडणं तुमच्यासाठी असतं. आत गेल्यावर दहा वाजता ती काय करते, हे जास्त महत्त्वाचं. सोमवारी आणि सुट्टीनंतर ते वाढणार, ताप येऊन गेल्यावरही वाढणार. त्यावरून घसरगुंडी लागली असं समजू नका.

सासूबाईंचा सल्ला मात्र पाळू नका, त्यांना माझा नमस्कार सांगून. नजर चुकवून गेलेली आई कधीही नाहीशी होऊ शकते, हे मूल शिकतं. मग ते ठोकळ्यांकडे न बघता दाराकडे बघत बसतं आणि घरी तुम्हाला न्हाणीघरातही एकटं जाऊ देत नाही. यजमानांचं "होईल सवय" तेवढं वाईट नाही, पण सवय रडून होत नाही, रडताना जवळ कुणी असलं की होते. निरोप छोटा घ्या, रोज त्याच शब्दांत. घड्याळ सांगू नका. "डबा खाल्ला, गोष्ट झाली, गाणं झालं, की आजी." आणि आजी तेव्हा गेटवर दिसलीच पाहिजे, रिक्षा मिळाली नाही वगैरे मुलीला कळत नाही. टीचरने तिला तुमच्या कडेवरून ओढून घेण्याऐवजी मासीने हात पुढे करून न्यावं, एवढी विनंती करायला हरकत नाही.

कॅमेरा बंद करा. निदान बँकेत असताना तरी. आवाजाशिवाय चार इंचांत दिसणारी मुलगी बघून फक्त तुमचं पोट ढवळतं. एकटी खेळते यात घाबरण्यासारखं काही नाही. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९३२ साली बालवाडीतल्या मुलांचं खेळणं बारकाईने पाहून त्याचे प्रकार मांडले. त्यात एकट्याने खेळणं आहे आणि शेजारी बसून आपापलं खेळणंही आहे. तीनच्या आसपास दोन्ही चालतं. त्यातून ही मराठी मुलगी गुजराती बोलणाऱ्या मुलांत, इंग्रजी गाणी म्हणणाऱ्या वर्गात बसली आहे. नवी भाषा कानात मुरेपर्यंत मुलं गप्प राहतात, कधी आठवडे, कधी महिने. फक्त बघा, ती इतरांचं खेळणं न्याहाळते का, गाण्यात हात हलवते का, हसते का. आणि एक गंमत तुमच्या लक्षात आली नाही. "टीचर वढे छे" हे अख्खं वाक्य तिने गुजरातीत म्हटलं. कान उघडे आहेत पोरीचे.

पण त्या वाक्याचा अर्थही सोडून देता येणार नाही. कुणावर रागावल्या? हिच्यावर, की शेजारच्या मुलावर? या वयात दुसऱ्याला पडलेला ओरडाही आपल्याला पडल्यासारखा लागतो. "तुला मारलं का? कुठे मारलं?" असं खोदू नका, तुम्ही विचाराल त्याला ती "हो" म्हणेल. बाहुल्या, भातुकली काढा, शाळा-शाळा खेळा आणि टीचर तिला होऊ द्या. तुम्ही बाकावर बसा. ती बाहुलीला काय म्हणते, गप्प बसवताना हात कुठे जातो, शू लागलेल्या बाहुलीचं काय करते, सगळं तिथे येतं. नुसतं "गप बसा" आलं तर टीचरशी शांतपणे बोला. मारणं, कोंडणं, "पोलिसाला देईन" आलं, किंवा ती एका ठरावीक माणसाचं नाव काढलं की आकसते, अंगावर वळ आहेत, शूच्या जागी दुखतं म्हणते, तर दुसऱ्या दिवशी पाठवू नका. डॉक्टरांकडे जा आणि चाइल्ड हेल्पलाइनला १०९८ वर फोन करा. हा नंबर रात्रीही चालतो.

आपल्या गुजरातेत याबाबत सबब चालू नये. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर उघडलं आणि आपल्या ताराबाई मोडक पुढे तिथेच जाऊन काम शिकल्या. मार नाही, धाक नाही, बक्षिसाची लालूचही नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं. आज एसी खोलीत बसून "थोडी भीती तर हवीच" म्हणणाऱ्या संचालिका मला भेटतात, तेव्हा काय बोलावं सुचत नाही.

डब्याचं थोडक्यात: झाकण तिला स्वतःला उघडतं का ते घरी बघा. घट्ट क्लिपांचा महागडा डबा हे उपाशी राहण्याचं मोठं कारण आहे.

काढून घ्यायचं का? आत्ताच नको. संडास बघा, मासीशी ओळख करा, कागद द्या आणि गणपतीपर्यंत वाट बघा. तोवर घरी तिच्या तोंडी तिथल्या एखाद्या माणसाचं नाव आपणहून यायला लागलं, बाटली अर्धी रिकामी यायला लागली, तर गेटवर रडली तरी राहू द्या. सकाळभर रडणं सुरूच राहिलं, झोप उडाली, किंवा शाळा तुम्हाला संडासच दाखवायला तयार नसेल, तर फी गेली असं समजून काढा. शेवटच्या कारणासाठी तर गणपतीचीही वाट बघू नका.

काकू, सप्रेम नमस्कार.

नातू साडेतीन वर्षांचा. नर्सरीत ए ते झेड लिहून घेतात, वर घरी चार पानं. रोज सकाळी "पोटात दुखतं" म्हणतो. सुनेला वाटतं नाटक करतो. सयाजीरावांनी १९०६ सालीच राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं, त्या गावचे आम्ही. शिक्षणाला विरोध नाही, पण हे अति होतंय का?

— एक आजोबा, दांडिया बाजार

काका, नमस्कार.

अति होतंय. सयाजीराव महाराजांचीच साक्ष काढता, तर ती सक्तीसुद्धा सात वर्षांपुढच्या मुलांना होती. आता गुजरातमध्ये २०२३ पासून पहिलीत जायला सहा पूर्ण लागतात. म्हणजे नातवाकडे अजून अडीच वर्षं आहेत. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा आराखडा दोन्ही सांगतात, तीन ते आठ वर्षांचं शिकणं खेळातून. साडेतीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरून पान भरण्याचं बळच नसतं.

पोटदुखी रविवारी होते का ते बघा. फक्त शाळेच्या दिवशी होत असेल तरी नाटक म्हणू नका, भीतीने पोट खरोखर दुखतं. डॉक्टरांना एकदा दाखवा. मग सुनेला बरोबर घेऊन टीचरकडे जा आणि सांगा, घरची चार पानं आम्ही करणार नाही. भांडू नका, फक्त करू नका. त्या वेळात त्याला कणकेचे गोळे वळू द्या, मटार सोलू द्या, संध्याकाळी कमाटीबागेत मातीत बसवा. बोटं तिथेच तयार होतात. आणि वर्गात त्याचं कोण आहे, हे वरच्या उत्तरात लिहिलंय तसं तुम्हीही शोधा. आजोबांना वेळ असतो, तुम्हाला लवकर सापडेल.

काकू, शाळेने सांगितलंय, मुलगा मागे पडतो, घरी मराठी बंद करा, इंग्रजी किंवा गुजराती बोला. काय करू?

— एक बाबा, गोत्री

मराठीच बोला, भरपूर बोला. दोन-तीन भाषांत वाढल्याने मूल मागे पडत नाही, आणि तुमचं तोडकंमोडकं इंग्रजी ऐकून ते पुढेही जाणार नाही. "मला केळुं जोईए" म्हणाला तर हसू नका, दुरुस्त करू नका, केळं द्या आणि "घे केळं" म्हणा. मात्र घरी मराठीतही तो फार कमी बोलत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर प्रश्न भाषेचा नाही. आधी कान तपासून घ्या, आणि मुलांच्या डॉक्टरांकडे जायला दिवाळीची वाट बघू नका.