किरणोपचारानंतरचा छातीचा सीटी स्कॅन वाचताना
जळगाव-धुळ्याकडील काही रुग्ण कर्करोगावरचे किरणोपचार नाशिक किंवा मुंबईला घेतात आणि स्कॅनला येताना त्या उपचारांची फाईल घरीच राहते. तरीही कोणत्या भागाला, किती मात्रेत आणि कधी किरण दिले, हे तुम्ही आग्रहाने मागवून घ्यावे. उपचारानंतर साधारण १ ते ६ महिन्यांत उमटणारी धूसर छाया बहुधा फुप्फुसाच्या खंडांच्या सीमा न पाळता किरणक्षेत्राच्या सरळ कडेशी थांबते. ही खूण दुर्लक्षिली, तर ती छाया क्षयाची समजून क्षयाची औषधे विनाकारण सुरू होऊ शकतात, याची मला फार काळजी वाटते. पुढे तो भाग आकसतो, श्वासनलिका ओढल्या जाऊन रुंदावतात आणि साधारण दोन वर्षांच्या आत चित्र स्थिरावते. त्यानंतर कड फुगीर झाली किंवा रुंदावलेल्या नलिकांमधली हवा जाऊन त्या भरीव दिसू लागल्या, तर कर्करोग परतल्याची शंका अहवालात स्पष्ट लिहावी.